फुलातलं फूल

सिकंदराबादची शाळा संपवून मी कायमची सेलूला परतले, तेव्हा आमच्या गोऱ्या बाईंनी ओल्या शेवाळात गुंडाळून प्रिमरोज या विलायती फुलझाडाची रोपं दिली होती. न्हाणीमागच्या सावलीत मी ती कुंड्यांत लावली, भोवती ओली पोती टांगली. संक्रांतीच्या थंडीत ती फुलली. फुलं साधी नव्हती. प्रत्येक फिकट पिवळ्या फुलाच्या पोटातून तसंच दुसरं फूल वर आलेलं, पेल्यात पेला ठेवावा तसं.

वहिनीला आठवा महिना होता. आधीची दोन्ही मुलं पोटातच गेली होती. ती रोज कुंड्यांपाशी येऊन बसायची. मग आतली फुलं गळायला लागली. कोमेजून नव्हे, सबंध, ताजी, मातीवर उताणी. बाहेरचं फूल देठावर तसंच, आतून पोकळ.

या जातीचं असंच असतं, मी तिला समजावलं. तिनं ऐकून घेतलं.

"वन्सं, उरलेली तरी राहू द्या आत," एवढंच म्हणाली, आणि एकेका फुलाच्या गळ्याशी तांबडा दोरा बांधत गेली. आईनं पाहिलं. मला वाटलं रागावेल. तिनं आणखी दोरा आणून दिला.

बांधलेली फुलं गळाली नाहीत. सुकलीही नाहीत. कुंडी फिरवून ठेवली तरी संध्याकाळपर्यंत ती वहिनीच्या खोलीकडे वळलेली असत. तिकडे ऊन नव्हतं.

नववा भरला. एका पहाटे कळा सुरू झाल्या आणि दुपारी अडल्या. सुईणीनं घरातली प्रत्येक गाठ सोडायला लावली. वहिनीचे केस मोकळे केले, पेट्यांची कुलपं काढली, दादानं गोठ्यातली दावी सोडली. तरी काही नाही. सुईण उंबऱ्यात आली.

"गाठ हाय अजून ह्या घरात. कापू नका, सोडा."

आईनं माझ्याकडे पाहिलं.

मी कुंड्यांपाशी बसले. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, तरी पहिली गाठ सोडायला घेतली. एकेक गाठ सुटली की आतलं फूल गार होऊन तळहातावर घसरे. निम्म्याहून अधिक झाल्या आणि आतून रडणं ऐकू आलं. मी तशीच उठून धावले.

"पोरगी हाय. लय रडायलीय," सुईण हसली. "आत्यावर न्हाई गेली. तुमी जन्मलात तवा रडलाच न्हवता."

मग तिचं हसू गेलं. बाळामागची वार पडत नव्हती, रक्त थांबत नव्हतं.

"ताई, सगळ्या सोडल्या का?"

मी परत धावले. राहिलेल्या सोडल्या. शेवटची पाण्यानं आवळली होती, नखांना दाद देईना. मी ती दातांनी सैल केली. फूल ओठांना लागलं. त्याला माणसाच्या अंगाची ऊब होती.

ते मुठीत धरून मी दाराशी आले. बऱ्याच वेळानं आतून सुईणीचं "पडली वार" ऐकू आलं, घंगाळ जमिनीवर टेकल्याचा आवाज आला आणि वहिनीनं पाणी मागितलं.