आबांच्या डबीतला दात

आमच्या घरात किस्से धुण्यासारखे साठतात. आजचे वाळत घालावेत तर उद्याचे भिजत पडलेलेच! त्यातला दाताचा ढीग सुरू झाला तो शाळेच्या डायरीतल्या एका ओळीनं: 'जुई वर्गात खोटं सांगते. घरी लक्ष द्यावे.'

दोन रात्री मला झोप नाही. सहा वर्षांची पोर खोटं बोलते, म्हणजे माझंच कुठेतरी चुकलं!

ती म्हणाली होती, "आमच्या आबांकडे शार्कचा दात आहे. वाळवंटात सापडला."

*

आबा म्हणजे माझे सासरे, रिटायर्ड फौजी. तंबाखूच्या जुन्या डबीत, कापसावर, तो तपकिरी, टोकदार दगडी दात. म्हणे कच्छला खंदक खणताना मिळाला.

मी विचारलं, "आबा, तिथं समुद्र कधी होता?"

"हुता की! पर कवा ते मला इचारू नका, सूनबाई. माझी पोस्टिंग त्याच्यानंतरची!"

*

मी मोबाईलवर शोधलं. तिकडे खरंच समुद्र होता, शार्कचे दात दगड होऊन सापडतात. हायसं वाटलं. तेवढ्यात खाली जाहिरात आली: 'हुबेहूब शार्कचा दात, फ्री डिलिव्हरी!'

आबांच्या नावानं कधी पार्सल आलं होतं का, असं मी नवऱ्याला विचारलं.

"तू सून आहेस की सीआयडी?"

*

दीर कुपवाडला वर्कशॉपमध्ये. त्यांनी दाताच्या कडेवरून बोट फिरवलं, व्हर्नियर लावला, उजेडात धरला.

"वहिनी, फिनिशिंग लय भारी हाय. साच्यातला माल वाटतोय!"

*

शेवटी जुईला दाताच्या डॉक्टरकडे नेलं, तेव्हा पर्समधून तोही नेला. डॉक्टरांनी उलटसुलट करून पाहिला.

"शार्कचा की कशाचा, मला नाही सांगता येणार. पण याला कीड नाही. तुमच्या मुलीच्या तीन दाढांना आहे!"

*

मग जुईच्या बाईंचाच निरोप आला. त्यांचे मिस्टर कॉलेजात जिऑलॉजी शिकवतात, रविवारी दात बघायला येतील. आबा खूश! शनिवारीच शर्टाला इस्त्री.

मी मात्र स्वयंपाकघरात नवऱ्याला म्हटलं, "बघा हं, उद्या सर आले की खोटा निघणार."

रविवारी सर आले. पोहे झाले, चहा झाला. आबांनी डबी उघडली. आत नुसता कापूस!

"आवं सर, हितंच हुता..."

आबांचे कान लाल. सर म्हणाले, "असू दे, असू दे," आणि उठले. माझ्या मनात एकच: आबांनीच लपवला!

आबा दुपारी जेवले नाहीत.

चारच्या सुमाराला जुईचं दप्तर आवरताना कंपासपेटीत काहीतरी खडखडलं. उघडली, तर दात!

"का गं लपवलास?"

"तूच बाबांना म्हणालीस ना, सर आले की खोटा निघणार?"

तिनं दारातून रस्त्यावर डोकावून पाहिलं.

"आई, सर गेले ना? मग आता परत खरा ना?"