लखीचंद मागण्यापेक्षा जास्त द्यायचा

धुळ्यात लखीचंदचं शेतीपंपांचं दुकान होतं. गिऱ्हाइकानं वाटी मागितली तर हा बादली भरून देणार, अशी त्याची ख्याती. दुसऱ्याच्या दुकानातून घेतलेलं इंजिन बिघडलं तरी हा आपला फिटर घेऊन हजर, आणि मजुरी विचारली तर कानावर हात! "आज त्याचं इंजिन, उद्या आपलं," एवढंच म्हणायचा. बायको राजकुंवर वैतागायची, "लोकांची मनं राखता राखता एक दिवस अंगाशी येईल." तो हसायचा. हसणाऱ्याला काय सांगणार?

बहात्तरचं साल. पाऊस असा दडी मारून बसला, की विहिरींचे तळ दिसायला लागले. पारोळ्याकडच्या एका गावात जीवरामआबांनी इंजिन घ्यायचं मनावर घेतलं. आबा जे घेतील तेच अख्खं गाव घेणार, हे लखीचंदला पक्कं ठाऊक होतं. त्यात जळगावचा एक दुकानदार बाजाराच्या दिवशी तिथं टपकणार, अशी बातमी लागली. लखीचंदनं तडक आबांचं घर गाठलं. "उद्याच आणतो, आबा," तो म्हणून बसला. "आधी पाणी बघा, मग सौदा!"

पाणी इतकं खोल गेलेलं, की काठावरच्या इंजिनाला ते ओढणं शक्य नव्हतं. ते दोरखंडांनी खाली, विहिरीतल्या खडकाच्या टप्प्यावर उतरवावं लागणार होतं. फिटर लोटन दुकानात पहिल्या दिवसापासूनचा. तो म्हणाला, "शेठ, धूर वर काढायचा पाइप आपल्याकडे तोकडा आहे. लांब पाइप येऊ द्या, मग जाऊ."

"अरे, तासाभराचं काम! दाखवायचं आणि बंद करायचं," लखीचंद म्हणाला.

इंजिन धडधडलं, पाणी उसळून वर आलं, बाया हंडे घेऊन धावल्या. आबांचे डोळे भरून आले. "आते बस कर, लखीचंदभाऊ. माले पटनं," ते म्हणाले. सौदा झाला होता हो! तिथं थांबायला काय धाड भरली होती? पण नाही, याचा स्वभाव आडवा आला. "छे छे, आबा! गावातला एकही हंडा रिकामा राहता कामा नये."

डिझेल संपत आलं. लोटननं खाली डोकावून पाहिलं. धूर विहिरीत कोंडून राहिला होता. "इंजिन बंद पडू द्या, शेठ. धूर निवळला की उतरतो."

सगळं गाव बघत होतं. गावासमोर आपलं इंजिन फुरफुरून बंद पडावं, हे लखीचंदला कसं रुचावं? "जा रे, डबा ओतायचा आणि वर यायचं," तो म्हणाला. लोटन डबा घेऊन पायऱ्या उतरला. त्यानं डिझेल ओतलं नसावं, कारण थोड्या वेळानं इंजिन थांबलं. हाका मारल्या, तर ओ नाही. लखीचंद ओरडत पायऱ्यांकडे धावला, पण माणसांनी त्याला दाबून धरलं. धूर विरल्यावर दोघं जण दोर बांधून उतरले आणि त्यांनी लोटनला वर काढलं. जीव कधीच गेला होता.

लोटनची राख सावडून झाल्यावर लखीचंद इंजिन काढून न्यायला गावात गेला. पारावर माणसं जमली होती. आपल्याला मारायलाच जमली आहेत, असं त्याला वाटलं आणि देवाशपथ, बरं वाटलं. मान खाली घालून तो त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"इंजिन राहू दे," आबा म्हणाले.

मागून तिघं-चौघं पुढे सरकले, त्यांनाही इंजिन हवं होतं. "आमनी विहीरमा कव्हय बसाडतस, भाऊ?"

"लोटन गेला हो, आबा!" लखीचंद हुंदके देत म्हणाला. "मी धाडला त्याला. माझ्या हौसेपायी गेला तो."

आबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "वाईट झायं रे भाऊ. पन पानी ते वर उनं ना."

कुणी तरी आपल्या कानफटात मारावी म्हणून तो तसाच उभा राहिला. कुणी मारली नाही. सगळे त्याच्या उत्तराची वाट बघत होते. शेवटी त्यानं बाहीनं डोळे पुसले आणि, मेली जन्माची सवय, तोंडातून निघून गेलं, "देतो बसवून. बसवण्याचे पैसे नाही घेणार."