नाटकातली म्हातारी माणसं

लोसालीन त्या वर्षी शेवटच्या इयत्तेत दुसऱ्यांदा बसली होती. आदल्या वर्षी साहित्याच्या पेपराला बाप तापानं फणफणला म्हणून ती अर्ध्यातून उठून घरी गेली, आणि थोडक्यात नापास झाली. आई ऑस्ट्रेलियात टोमॅटोच्या मळ्यावर कामाला होती. घरात ती, बाप पेनिसिमानी आणि बापाची थोरली बहीण वाइमोआना.

पेनिसिमानी आमच्या बेटावरच्या चर्चमध्ये गाणाऱ्यांचा प्रमुख. त्यानं हात उचलला की साठ माणसं एका दमात सूर लावायची. साखरेच्या आजारानं त्याच्या उजव्या पायाचा अंगठा काळा पडला. डॉक्टर म्हणाले, पाय घोट्यापासून काढू, उशीर केलात तर मांडीपर्यंत जाईल. एका पायावर मी लोकांपुढे उभा राहणार नाही, एवढंच तो म्हणाला आणि घरी आला. वाइमोआना रोज पाला वाटून जखमेवर बांधायची.

वर्गात मी तेव्हा जुनी ग्रीक नाटकं शिकवत होते. गर्विष्ठ राजा, त्याला सावध करणारे लोक, आणि रंगमंचाच्या कडेला उभा असलेला गावातल्या वृद्धांचा समूह. बाकीची मुलं उत्तरं पाठ करायची. लोसालीनच्या वहीचा समास मात्र भरत चालला होता. एकदा वही तपासताना मी वाचलं: 'या म्हाताऱ्यांना सगळं कळतं. ते रडतात, गातात, देवाचं नाव घेतात. पुढे होऊन त्याचा हात का धरत नाहीत?' खाली दुसऱ्या शाईत होतं: 'राजा पडला तर नाटक होतं. आमच्या घरातला पडला तर काय होईल?'

मी तिला थांबवून घेतलं. समूहाचं काम कृती करण्याचं नसतं, तो बघतो आणि बोलतो, असं मी समजावलं.

"मग परीक्षेत तसंच लिहू का, बाई?" तिनं विचारलं.

"तसंच लिही."

"लिहीन. पण ते खोटं आहे. एवढी माणसं नुसती बघत असतील तर तीही त्यात सामील आहेत की."

घंटा झाल्याचं निमित्त करून मी निघाले.

जखम पोटरीकडे सरकत होती. लोसालीननं बापाला विनवलं, दोन दिवस उपास धरला, डॉक्टरांना घरी आणलं. डॉक्टरांना त्यानं नारळपाणी पाजून वाटेला लावलं. आत्याच्या पाया पडली तर आत्या म्हणाली, पाला लागू पडतोय, तू अभ्यास कर. आईला फोन केला, तर आई पलीकडे नुसती रडत राहिली.

त्या रविवारी प्रार्थनेनंतर चर्चची वडीलधारी मंडळी त्याच्या घरी जमली. मीही गेले होते. खोलीत वास असा की नाकाला रुमाल लावावा, पण कुणी लावला नाही. मंडळींनी प्रार्थना केली, एक गाणं म्हटलं, पेनिसिमानीनं पडल्यापडल्या हातानं ताल धरला. मग जेवणाची वेळ झाली. लोसालीन भट्टीत भाजलेले तारोचे कंद आणि मांस भरलेली परात घेऊन दारात आली आणि तिथंच उभी राहिली.

"ठेव ना, पोरी," एक जण म्हणाले.

"नाही ठेवणार." तिनं परात कमरेला टेकवली. "तुम्हा सगळ्यांना वास येतोय. एकानं तरी त्यांना सांगा."

आमच्याकडे मुलगी बापासमोर आवाज चढवत नाही, पाहुण्यांदेखत तर नाहीच. सगळे चटईकडे बघू लागले. मीसुद्धा. पेनिसिमानीनं डोळे मिटून घेतले.

लोसालीन मग वाइमोआनाकडे वळली. "आत्या, तुमचा शब्द ते मोडत नाहीत. मेले तर पाला कुणाला बांधाल?"

वाइमोआना उठली. ती आता हिला मारणार असं मला वाटलं. तिनं परात हातातून काढून घेतली, खाली ठेवली आणि भावाच्या उशाशी जाऊन बसली. "उद्या सकाळी गाडी येईल," ती म्हणाली. "मी तुझ्याबरोबर येते."

मंडळी न जेवता उठली.

पाय मांडीपासून गेला. आठवडाभर तो शुद्धीत नव्हता, पण जगला. त्या रविवारपासून मात्र तो लोसालीनशी बोलत नाही. पाणी हवं असेल तर बहिणीला हाक मारतो. गावातही लोक म्हणतात, पोरीनं बापाला चारचौघांत लाजवलं. त्यातले काही जण त्या दिवशी खोलीत होते.

परीक्षेला ती बसलीच नाही. सकाळ-संध्याकाळ जखम धुणं, पट्टी बदलणं तिच्याकडे आहे, कारण वाइमोआनाची नजर आता अधू झाली. ती पट्टी सोडू लागली की तो तोंड भिंतीकडे करतो. दुखलं तरी हूं की चूं करत नाही.

परवा बाजारात भेटली. हातात औषधाची पिशवी होती. यंदा नाटकं तीच आहेत का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, तीच आहेत, नाव घाल, मी संध्याकाळी घरी येऊन शिकवीन. ती म्हणाली, बाई, घरी नको, त्यांना आवाज चालत नाही.

परीक्षेच्या अर्जाची मुदत शुक्रवारी संपते. तिचा अर्ज मी माझ्या हातानं भरून ठेवलाय. तिच्या सहीची जागा तेवढी रिकामी आहे.