चिमणाबाईंच्या दोन लेकी आन वादळाची खोली

चिमणाबाईंना कसबा बावड्यात कोण वळखत न्हाय? माझ्या पिठाच्या गिरणीला लागूनच त्यांचं घर. नवरा जाऊन जमाना झाला, पोटी पोर न्हाय, दोन म्हशी हायत. थोरली हरणी, धाकटी मोगरा. सकाळ-संध्याकाळ गिऱ्हाइकाच्या डोळ्यासमोर धार काढायची, फेसाळ गरम पेला हातात द्यायचा, आन कुणी पाणी घातलंय का म्हणून इचारलंच तर त्याच्या सात पिढ्या काढायच्या. असली बाई.

गेल्या उन्हाळ्यात वळवाचं वादळ झालं आन त्यांच्या घराचे पत्रे उडून पार कारखान्याच्या रस्त्याला पडले. एक पत्रा हरणीच्या पाठीत घुसला. जखम भरली, पण तवापासनं आभाळ नुसतं गडगडलं तरी म्हस थरथरायची, आन तिच्या गळ्यात हात टाकून चिमणाबाईबी रडायच्या. मला म्हटल्या, "पिराजी, पुढच्या वळवाच्या आत पक्की खोली व्हायला पायजे. न्हायतर ह्या दोघींस्नी घेऊन मी जाऊ कुठं?"

तेवढ्यात सरकारची योजना आली. घराला लागून स्लॅबची वादळ-निवारा खोली बांधायची, निम्मं अनुदान काम चालू करताना, निम्मं साहेब बघून गेल्यावर. एकट्या माणसाला जी खोली मंजूर व्हायची तिच्यात उभं राहूनच वादळ काढायचं. घरात तिघं असली तर मात्र ऐसपैस. वारं आत शिरताना आधी माणसं मोजतंय, असं कुणीतरी वरच्या साहेबांना सांगितलं असणार.

अर्ज भरायला मी बाईंना गाडीवरनं राजारामपुरीत नेलं. तिथं अनुजा नावाची पोरगी कॉम्प्युटरवर अर्ज भरून देते. बाईंना तिच्यासमोर बसवलं आन मी गाडी लावायला जागा हुडकत फिरलो. घोळ झाला तो तिथंच. अनुजानं इचारलं, घरात किती जण? चिमणाबाईंनी सांगितलं, आमी तिघी. आयुष्यभर तसंच म्हणत आल्यात, त्यात त्यांचं काय चुकलं? नावं? हरणी, मोगरा. नातं? लेकी. आधार नंबर? आता जनावरांचा डॉक्टर म्हशींच्या कानात पिवळा बिल्ला मारून गेलता, तवा त्यानंच सांगितलंतं, मावशी, हे ह्यांचं आधार कार्ड. बाईंनी पिशवीतनं चिठ्ठी काढून बिल्ल्यावरचे नंबर दिले. माणसाचा नंबर बारा आकडी, म्हशीचाबी बारा आकडी. कॉम्प्युटरनं मुकाट्यानं घेतला.

मंजुरी आली, तिच्यात लेकी म्हणून म्हशींची नावं वाचली आन मी कपाळावर हात मारून घेतला. मावशी, हे अंगलट येणार, म्हटलं. तर मलाच दाबात घेतलं, की डॉक्टर म्हणतोय आधार, मी सांगितलं आधार, ह्यात खोटं कुठलं? मी हात टेकले. खोली मात्र गवंड्यानं अशी बांधली, नाद खुळा! दार तेवढं म्हस शिरंल असं रुंद.

मे महिन्यात इंजिनीअर साहेब तपासणीला आला. बाईंनी पावणं म्हणून चहा पाजला. साहेबानं भिंती ठोकल्या, स्लॅब बघितला, खूश झाला, आन म्हटला की आता घरातले तिन्ही सदस्य दारात उभे करा, फोटो घ्यायचाय. बाईंनी दोघींस्नी आणलं, पदरानं शिंगं पुसली आन मधी स्वतः उभ्या राहिल्या. म्हशी बाजूला घ्या आन मुलींना बोलवा, साहेब म्हटला. ह्याच की, बाई म्हटल्या.

मग काय इचारता. शासनाची फसवणूक, गुन्हा, दिलेल्या अनुदानाची वसुली, न्हाय भरलं तर खोली पाडणार! चिमणाबाई पैशाचं एक अक्षर बोलल्या न्हाईत. खोली पाडणार म्हटल्यावर मात्र त्यांचं तोंड पांढरं पडलं आन त्या हरणीचं दावं गच्च धरून उभ्या राहिल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण सरकारी माणसाशी भांडून आपण काय करणार?

तेवढ्यात वारं सुटलं. आभाळ काळंकुट्ट, धुळीचे लोट, माझ्या गिरणीचा पत्रा डोळ्यादेखत उडाला. म्हशी आत पळाल्या, मागनं बाई, त्यांच्या मागनं मी. बघतो तर साहेब आमच्या आधीच कोपऱ्यात. बाहेर लिंबाची फांदी त्याच्या गाडीवर कडाडून पडली तसा तो हरणीला चिकटून बसला. थरथरतंय कोण, हरणी का साहेब, काय कळंना.

वादळ गेलं. साहेब बाहेर आला, गाडीची काच बघितली, पॅन्टीचं शेण झटकलं आन परत मोबाईल काढला.

"आजी, मला वाईट वाटतं. पण ही खोली नियमात बसत नाही."

चिमणाबाई शांतपणे म्हटल्या, "साहेब, मगाशी तुमी तरी कुठं नियमात बसलतासा? हरणीच्या पोटाला टेकून बसलतासा की."

साहेबानं एकदा हरणीकडं बघितलं, एकदा आपल्या फुटक्या काचेकडं. मग माझ्यासमोरच त्यानं मोबाईलवर लिहिलं, 'कुटुंबातील तिन्ही सदस्य खोलीत समक्ष आढळले.' मी बाईंना ते वाचून दाखवलं. मला वाटलं, आता ह्या हात जोडतील.

त्या म्हटल्या, "तिघीच? साहेबांचं नाव घाला म्हणावं त्यात. परत वारं सुटलं तर कुठल्या नात्यानं आत घेऊ त्यांस्नी?"