आईचं औषध कुठे जात होतं

‘दमा आहे तुम्हाला,’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘आजपासून पंप सुरू करू या.’

पहिलं वाक्य मी गुपचूप ऐकून घेतलं. दुसरं ऐकलं आणि खुर्ची मागे सारून उभी राहिले. म्हटलं, ‘पंप सोडून काय ते द्या. गोळ्या द्या, इंजेक्शनं टोचा, कडू काढा पाजा. पंप मी घ्यायची नाही.’ अलिबागच्या त्या एवढ्याशा दवाखान्यात बाहेर बसलेल्यांनाही ऐकू गेलं असणार. माझा आवाज मुळातच खणखणीत, दम लागला म्हणून काही कमी होत नाही. आमचे हे फरशीकडे बघत बसले. त्यांना सवय आहे.

बाई तरुण होत्या, पण चिडल्या नाहीत. ‘का नको?’ एवढंच विचारलं.

‘माझी आई पंप घेता घेताच गेली,’ मी म्हटलं आणि पुन्हा खाली बसले.

हे मी लिहितेय ते तुमच्यापैकी ज्यांच्या घरात पंप आहे त्यांच्यासाठी. पंप म्हणजे इनहेलर, तोंडात धरून दाबायचा तो. आमच्याकडे श्रीवर्धनला सगळे पंपच म्हणतात, आणि तो शब्द काढताना आवाज खाली आणतात. पंप लागला म्हणजे माणूस आता थोड्या दिवसांचा सोबती, असं धरून चालतात. मीही तेच धरून चालले होते.

आमची घरगुती राहण्या-जेवण्याची सोय आहे. मुंबई-पुण्याची माणसं समुद्रावर येतात, आमच्याकडे उतरतात आणि माशाचं जेवण जेवतात. सगळं रांधणं माझ्याकडे. गेल्या पावसाळ्यानंतर एकदा दुपारी पाहुणे जेवून गेले आणि मी जरा आडवी झाले. डोळा लागतोय न लागतोय तोच शीळ ऐकू आली. बारीक, लांबलेली. आईची छाती अशीच वाजायची.

आईला जाऊन तेव्हा दोन वर्षं होऊन गेली होती. तरी मी उठले आणि तिच्या खोलीकडे गेले. तिथे आता पाहुण्यांच्या गाद्या ठेवतो. गाद्यांशिवाय काही नव्हतं, पण शीळ तिथेही येत होती. दारात उभी राहून नीट ऐकावं म्हणून मी श्वास धरला. तशी ती थांबली. श्वास सोडला, पुन्हा सुरू झाली. अगं बाई! म्हणजे वाजत होते ती मीच.

कोणाला काही बोलले नाही. सर्दी आहे, मसाल्याचा ठसका आहे, गाद्यांची धूळ आहे, असं सांगत राहिले. अडुळसा झाला, हळद-दूध झालं. जिना चढले की खिडकीत उभी राहून समुद्र बघायचं नाटक करायची. शेवटी एका दुपारी भरल्या घरात, पाहुण्यांना वाढता वाढता मी भिंतीला धरून खाली बसले. तोंडातून शब्द फुटेना. ह्यांनी त्याच दिवशी ठरवलं, ‘अलिबागला जायचं म्हणजे जायचं.’

अलिबागला जायचं म्हणजे दिघीला जाऊन फेरीबोटीत गाडी चढवायची आणि पलीकडे आगरदांड्याला उतरायचं. मला तेच नको होतं. आई त्या बोटीत गेली.

तिला त्या दिवशी सकाळपासून धाप होती. गावातल्या डॉक्टरांनी ऑक्सिजन लावून पाहिला आणि मोठ्या दवाखान्यात हलवायला सांगितलं. अ‍ॅम्ब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. आम्ही आमच्याच गाडीत तिला घातलं. खाडीच्या मध्यावर बोट आली तेव्हा ती मागच्या सीटवर माझ्या अंगावर रेललेली होती आणि पंप दाबत होती. दाबतेय, थांबतेय, परत दाबतेय. मी म्हणत होते, ‘घे आई, घे, अजून घे.’ भरदुपार होती. शेजारच्या गाडीतली मुलं खाऊ खात होती. पलीकडचा धक्का दिसायला लागला आणि तिचा हात खाली आला.

म्हणून ह्या वेळी मी बोटीत गाडीतून उतरलेच नाही. डोळे मिटून बसले. मागच्या सीटवरून फुस्स, फुस्स आवाज येत होता. तो येत नव्हता हे मला कळत होतं, तरी येत होता.

आता दवाखान्यातलं. बाईंनी आधी माझी स्पायरोमेट्री केली. म्हणजे नाकाला चिमटा लावतात आणि नळीत जीव खाऊन फुंकायला लावतात. फुफ्फुसातून हवा किती जोरात बाहेर येते ते मशीन दाखवतं. मग मशीनच्या वाफेतून एक औषध देऊन थोड्या वेळाने परत फुंकायला लावलं. दुसऱ्यांदा बरीच जास्त हवा आली. ‘ह्याचा अर्थ नळ्या आवळल्यात, पण औषधाने उघडतायत,’ त्या म्हणाल्या. ‘ही चांगली गोष्ट आहे. औषध पोचलं तर तुम्ही उत्तम राहाल.’

मी म्हटलं, ‘आईला कुठे राहता आलं? रोज न चुकता घ्यायची. एक दिवस खाडा केला नाही.’

 बाईंनी टेबलाच्या खणातून एक पंप काढला. वर मोठ्या अक्षरांत चिकटवलं होतं, ‘औषध नाही.’ नमुन्याचा पंप होता, शिकवण्यासाठी. आत नुसता गॅस. त्यांनी त्याला ओठांत धरायचं नवं कोरं तोंड लावलं आणि माझ्या हातात दिला. ‘आई कशी घ्यायच्या, ते मला करून दाखवा,’ म्हणाल्या.

त्यात काय दाखवायचं! मी पंप हलवला. डाव्या हाताने पदर ओढून नाकातोंडावर घट्ट धरला, पंप पदरावर टेकवला आणि दाबला. फुस्स. मग पदराआडून मोठा श्वास घेतला. आई अगदी असंच करायची.

मान वर केली तर बाई माझ्याकडे बघत नव्हत्या. ह्यांच्याकडे बघत होत्या. हे म्हणाले, ‘व्हय, अशाच घ्यायच्या त्या.’

‘कायम पदरावरून?’

‘कायम,’ मी म्हटलं. ‘डॉक्टरांनी तसंच दाखवलंन होतं तिला.’

ते मी आईच्याच तोंडून ऐकलं होतं. गावातल्या डॉक्टरांनी पंप सुरू केला तो करोनाच्या दिवसांत. तेव्हा पेशंट एकटाच आत जायचा, आम्ही ओसरीवर लांब लांब उभे. आई बाहेर आली ती शिकून आली. मी एकदा हटकलंही होतं की पदर कशाला मध्ये, तर माझ्यावरच उखडली, ‘मोठी आलीस डॉक्टरीण! त्यांनी तोंडावरचं फडकं काढलं न्हाय, तसंच धरून दाखवलंन. तुला जास्त कळतंय काय गो?’ मला वाटलं, जंतू जाऊ नयेत म्हणून गाळून घ्यायचं असेल. चहा नाही का आपण गाळून घेत.

बाईंनी माझ्या पदराकडे बोट दाखवलं. बोलताना त्यांनाही जड जात होतं. ‘औषधाचे थेंब फार बारीक असतात. कापडावर मारले तर कापडातच राहतात. तुमच्या आईंच्या फुफ्फुसात जवळजवळ काहीच जात नव्हतं.’

मी विचारलं, ‘म्हणजे नीट घेतलं असतं तर ती वाचली असती?’

‘त्या दिवशी वाचल्या असत्या असं मी सांगू शकत नाही. कोणीच नाही सांगू शकणार. पण औषध पोचत नव्हतं, हे खरं.’

खोटं सांगून माझी समजूत घालता आली असती त्यांना. घातली नाही, ह्याबद्दल मी त्यांची आयुष्यभर ऋणी आहे. त्या क्षणी मात्र मला त्या खोलीतलं सगळं उचलून आपटावंसं वाटत होतं. आईचे ते पदर मी स्वतःच्या हातांनी धुतले होते. औषध धुऊन मोरीत सोडत होते मी, रोज.

मग मी शिकले. आधी त्यांनी करून दाखवलं, दुसऱ्या नमुन्याच्या पंपावर, ओठ लावून, खरंखरं. मग मी. श्वास पूर्ण बाहेर सोडायचा. ओठ पंपाच्या तोंडाभोवती घट्ट मिटायचे. सावकाश आत ओढायला लागलं की दाबायचं, आणि ओढतच राहायचं. मग श्वास धरायचा. माझं दाबणं आणि ओढणं जुळेना, तेव्हा त्यांनी स्पेसर दिला. स्पेसर म्हणजे प्लास्टिकचं फुगीर नळकांडं. औषध आधी त्यात येतं, मग आपण ओढायचं. घेऊन झालं की खळखळून चूळ भरायची, नाहीतर तोंड येतं.

दोन पंप दिले. एक रोजचा, बरं वाटलं तरी सोडायचा नाही असा. दुसरा धाप लागली तर घ्यायचा. घरी येऊन पहिल्यांदा खऱ्या औषधाचा घेतला, तर घशात कडवट चव लागली. आई कधी कडू लागतं म्हणाली नव्हती. मी स्वयंपाकघरात उभी राहून इतकी रडले की परत धाप लागली, आणि दुसरा पंपही घ्यावा लागला. काय सांगायचं!

थोड्याच आठवड्यांत शीळ बंद झाली. पाहुणे म्हणायला लागले, काकू, तुम्ही जिना धावत चढता. पण घर फार शांत झालं. शीळ ऐकू येत होती तोवर आई कुठेतरी जवळपास होती, असं मनात यायचं. वेडेपणा आहे, पण यायचं.

अलिबागहून निघण्याआधी मी बाईंना विचारून घेतलं होतं, हे नमुन्याचे पंप मिळतात कुठे. त्यांनी नीट सांगितलं. औषध कंपन्याच डॉक्टरांना शिकवण्यासाठी देतात. कंपनीचा प्रतिनिधी दवाखान्यात येतो, त्याच्याकडे मागायचे. येत नसेल तर दवाखान्याच्या लेटरहेडवर लिहून कंपनीला पाठवायचं. सरकारी केंद्रांत प्रतिनिधी फारसे फिरकत नाहीत, तिथल्यांनी जवळच्या मेडिकल कॉलेजच्या छातीच्या विभागात विचारावं. आपण जे जे पंप लिहून देतो त्या प्रत्येकाचा नमुना मागायचा, कारण गॅसचा सावकाश ओढायचा असतो आणि पावडरचा जोरात. दर पेशंटला नवं तोंड लावायचं. आणि नमुना खऱ्या पंपांत कधी मिसळू द्यायचा नाही, कोणी चुकून घरी नेला तर घात होईल. तुम्ही नर्स असाल, कंपाउंडर असाल, तर हे तुमच्या डॉक्टरांच्या कानावर घाला.

मी घातलं. आमच्या गावातल्या डॉक्टरांकडे गेले ती भांडायला म्हणूनच गेले. वाटेत चार वाक्यं जुळवून ठेवली होती, एकेक अशी की त्यांनी जन्मात विसरू नये. पण वयस्कर माणूस. करोनात सगळे दवाखाने दारं लावून बसले तेव्हा ह्या डॉक्टरांनी आपला एक दिवस बंद ठेवला नव्हता. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. मी जुळवलेलं सगळं विसरले आणि नुसता पदर तोंडावर धरून दाखवला.

त्यांना कळायला वेळ लागला नाही. चष्मा काढून टेबलावर ठेवला. ‘मास्क काढायची सोय नव्हती हो,’ म्हणाले. ‘पेशंटचा पंप मी माझ्या तोंडाला लावणार कसा? मास्कच्या वर धरून दाखवायचो. असं धरा, असं दाबा, असा श्वास घ्या.’  मग मला नाही, स्वतःलाच विचारल्यासारखं म्हणाले, ‘किती जणांना दाखवलं असेल मी असं?’

माझा राग तिथे मेला नाही. अजून आहे. पण तो घेऊन त्या माणसासमोर ओरडणं मला जमलं नाही.

त्यांनी माझ्यासमोर कंपनीच्या प्रतिनिधीला फोन लावला. नमुने आले. गावातल्या मेडिकलवाल्याला सांगून ठेवलं की पंप न्यायला येईल त्याला आधी दवाखान्यात पाठव. मला म्हणाले, ‘तुम्हीही येऊन बसा. तुमचा आवाज लोक ऐकतात.’ मी बसायला लागले.

बहुतेक जण थोडं थोडं चुकत होते. कोणी हलवत नव्हतं, कोणी दाबून मग आरामात ओढत होतं. मी मनाशी म्हणायला लागले होते की पदराचं वेड एकट्या आमच्याच आईचं.

मग आत डोंगराकडच्या गावातले एक आजोबा आले. धापा टाकत, मधल्या मधल्या शब्दांवर थांबत बोलत होते. डॉक्टरांनी नमुना हातात दिला, ‘दाखवा कसा घेता.’ आजोबांनी खांद्यावरचा पंचा काढला, नीट घडी केली, तोंडावर धरला आणि त्यावर पंप टेकवला.

डॉक्टर उठून खिडकीशी गेले. तेव्हा मीच पुढे झाले. पंचा आजोबांच्या हातातून काढून घेतला. आधी नमुन्यावर दाखवलं, त्यांच्याकडून करून घेतलं, चुकले तिथे परत करून घेतलं. मग त्यांचा स्वतःचा पंप स्पेसरला लावून दिला. त्यांनी घेतला, श्वास धरला, सोडला. तोंड वाकडं केलं. ‘कडू हाय की!’ म्हणाले.

आम्ही वाट बघत बसलो. हळूहळू त्यांचे खांदे खाली आले. एक अख्खं वाक्य न थांबता बोलले, आणि बोलता बोलता त्यांच्याच ते ध्यानात आलं. मला आनंद व्हायला हवा होता. खरं सांगते, मला त्यांचा हेवा वाटला. इतका की नजर वळवावी लागली.

ते मात्र माझ्याकडे निरखून बघत होते. ‘तुम्ही त्या आजींच्या लेक ना? करोनात ओसरीवर उभ्या असायच्या त्या? माझा नि त्यांचा पंप एकाच दिवशी सुरू झालावता. मी घाबरलोवतो, तर बाहेर आल्यावर त्यांनीच मला परत नीट दाखवलंन. लई भली बाई.’ त्यांनी माझा हात धरला. ‘पोरी, त्यांनाबी सांग हां हे. फडकं लावायचं न्हाय म्हणावं.’

‘सांगते,’ मी म्हटलं, आणि त्यांचा पंप त्यांच्या हातात दिला.