मळाईचा कौल आणि अनंताचं फूल

नव्वदच्या दशकात, जून महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी, कर्वेनगरमध्ये मुलींना खोल्या देणाऱ्या एका इमारतीच्या आवारात देवीच्या दगडावरचा शेंदराचा जाड थर गळून पडला. त्याच्या आत एक ताजं फूल होतं. मी तिथे हजर होतो.

मी तेव्हा पुण्यातल्या एका दैनिकात बातमीदार होतो. नारळातून निघालेली विभूती, दूध पिणारी मूर्ती, झपाटलेला बंगला अशा बातम्या आमच्याकडे नेहमी यायच्या. त्या मीच टोपलीत टाकायचो. आजही टाकीन. त्यामुळे पुढचं जे लिहितोय ते फक्त पाहिलेलं आहे, ऐकलेलं नाही.

माझी भाची अर्चना बार्शीजवळच्या गावची. तिला विद्यापीठात एम. एस्सी.ला, फिजिक्सला प्रवेश मिळाला होता. विद्यापीठाच्या वसतिगृहात जागा नव्हती. माझ्या दोन खोल्यांत आम्ही सहा माणसं, त्यामुळे तो प्रश्नच नव्हता. तिचे वडील, म्हणजे माझे दाजी, तिला घेऊन पुण्यात आले ते एक अट घालूनच. त्या दिवसात मनासारखी जागा मिळाली तर पोर राहील. नाहीतर संध्याकाळच्या एस. टी.ने परत. गावाकडे एक स्थळ सांगून आलेलं होतं, पाहुणे पुढच्याच आठवड्यात यायचे होते. सोमवारी विद्यापीठात तास सुरू होणार होते. अर्चना सकाळपासून जवळजवळ बोलली नव्हती.

पुण्यात मुलींना जागा मिळायची ती बहुधा 'कॉट बेसिस'वर. म्हणजे खोली नाही, खोलीतली एक कॉट. पहिली जागा आम्ही पाहिली ती डेक्कनजवळ. दाजींनी मालकीणबाईंना विचारलं, "पाण्याची सोय कशी हाय?"

"पाणी सकाळी येतं," बाई म्हणाल्या. "तुम्ही दुपारी आलात."

दार बंद झालं. दुसऱ्या ठिकाणी खोली बरी होती, पण वरच्या मजल्यावर मुलगे राहत होते. दाजी जिन्यातूनच मागे फिरले.

तिसरी जागा कर्वेनगरची. पूर्वी तिथे शेती होती. शेती गेली, तिथे तीन मजली इमारत उभी राहिली. मालक तात्या आणि त्यांच्या बायको तळमजल्यावर राहायचे, वरच्या खोल्यांत मुली. आवाराला भिंत, फाटकाला कुलूप, मागच्या बाजूला कपडे वाळत घालायला जागा. दाजींचा चेहरा प्रथमच सैल झाला.

"आम्हाला पसंत हाय," ते म्हणाले.

"तुम्हाला हाय," तात्या म्हणाले. "आता मळाईला विचारायचं."

मळाई म्हणजे त्यांच्या मळ्याची देवी. पूर्वी बांधावर असलेला दगड आता आवाराच्या कोपऱ्यात, गुडघाभर उंचीच्या घुमटीत होता. नाक-डोळे काही नाहीत, शेंदराने थापलेला नुसता गोल गोळा. कोणतीही मुलगी ठेवायची तर तात्या आधी कौल लावायचे. गोळ्याच्या दोन्ही बाजूंना, म्हणजे देवीच्या खांद्यांवर, एकेक ओली कळी चिकटवायची, प्रश्न विचारायचा आणि वाट पाहायची. उजवी कळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

वरच्या गॅलरीतून दोन-तीन मुली वाकून बघत होत्या. "ऑल द बेस्ट गं!" एकीने ओरडून सांगितलं. "मळाईची एन्ट्रन्स आहे! मी सेकंड अटेम्प्टला पास झाले."

"खोटं बोलू नको, तुला एकदाच लावला व्हता," तात्या वर न बघता म्हणाले.

मी दाजींना हळूच म्हटलं, "युनिव्हर्सिटीची मेरिट लिस्ट पार करून आलेली मुलगी आहे... आता ही परीक्षा कशाला?" पण दाजींना हे सगळं घरचं वाटत होतं. त्यांनी चपला काढल्या, टोपी नीट केली.

तात्यांनी मोगऱ्याच्या दोन कळ्या लावल्या. वारा नव्हता. थोड्या वेळाने एक कळी घसरली आणि पडली. आम्ही उभे होतो तिथून उजव्या हाताची.

"उजवा दिला!" दाजींनी हात जोडले.

"डावा दिला," तात्या म्हणाले.

"अहो, ही काय उजवी बाजू!"

"तुमची उजवी. देवी तुमच्याकडं तोंड करून बसलीय ना? मग तिचा डावा खांदा."

"आमच्याकडं समोरच्या माणसाच्या हातानं मोजत्यात."

"आमच्याकडं देवीच्या. कौल देवी देती का माणूस?"

दोघेही आपापल्या देवीपुढे लहानपणापासून उभे राहिलेले. दोघांनाही दुसऱ्याचं मोजणं म्हणजे देवाची थट्टा वाटत होती. मी म्हटलं, दोघांचंही बरोबर धरू, कॉट अर्धी देऊन टाका. कोणी हसलं नाही.

वाद वाढला असता तर बरं झालं असतं. पण दाजी एकदम शांत झाले. त्यांनी चपला घातल्या आणि अर्चनाची बॅग उचलली.

"देवीच्या दारात घोळ झाला. अशा ठिकाणी पोर ठेवायची न्हाई. चल गं."

"अण्णा..."

"चल म्हणलं ना. काय शिकायचं ते बार्शीत शिक."

बार्शीत तिचा विषय नव्हता, हे त्यांनाही माहीत होतं. अर्चना जागची हलली नाही. मग तात्यांकडे वळून म्हणाली, "तात्या, मी विचारू?"

"दोनदा विचारत नसत्यात, पोरी."

तात्यांच्या बायको इतका वेळ ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. हातातलं सूप तसंच ठेवून त्या म्हणाल्या, "तिनं कुठं विचारलंय अजून? विचारलं ते तुम्ही. ऱ्हायचं पोरींनी, आन आजवर समद्यांसाठी तुम्हीच विचारत आलात."

तात्या बाजूला झाले.

अर्चनाने कळ्या घेतल्या नाहीत. घुमटीसमोर गुडघे टेकून ती आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, "मला इथे राहून शिकायचंय. राहू का?"

आधी एक बारीक आवाज आला, तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब पडावा तसा. शेंदराच्या गोळ्याच्या माथ्यावर मधोमध रेघ उमटली. ती खाली उतरत गेली, आणि पुढचा सगळा थर, वितीएवढ्या जाडीचा, एकाच वेळी डाव्या नि उजव्या बाजूला उघडून खाली आला. तो पडल्याचा दणका पायाला जाणवला.

आत चेहरा होता.

काळ्या दगडातला, बाईचा, तुकतुकीत. डोळे पूर्ण उघडे. ओठांच्या कडा किंचित वर. तात्यांच्या आज्यानेही त्या दगडाला चेहरा असल्याचं कधी सांगितलं नव्हतं. त्यांच्या बायकोने पदर डोक्यावर घेतला, पण नजर काढली नाही. नमस्कार करायचं कोणाच्याच लक्षात आलं नाही... मीसुद्धा किती वेळ नुसता पाहत उभा होतो, ते सांगता येणार नाही. इतक्या जवळून आणि इतक्या शांतपणे माझ्याकडे कोणी पाहिल्याचं मला आठवत नाही.

देवीच्या डाव्या कानावर अनंताचं एक फूल होतं. पांढरंशुभ्र. अनंताला नुसतं बोट लागलं तरी तिथे तपकिरी डाग पडतो. या फुलावर एकही डाग नव्हता. देठ ओला होता. वास आवारभर पसरला. वरून एका मुलीने विचारलं, "अत्तर सांडलं का?" तिला वरून घुमटीच्या आतलं काही दिसत नव्हतं.

मी गळालेले दोन्ही तुकडे उलटे करून पाहिले. आतली बाजू तेलाने काळी आणि दगडासारखी कडक. तिच्यात चेहऱ्याचा ठसा होता: नाक, भुवया, हनुवटी. आणि कानाच्या जागी एक खळगा, पाकळ्यांसकट. तात्यांच्या बायकोने फूल हलकेच उचलून त्या खळग्यात ठेवलं. ते पाकळीला पाकळी बसलं.

नंतर मी चौकशी केली. जुन्या मूर्तींचा अभ्यास करणाऱ्या एका गृहस्थांनी सांगितलं, तेल-शेंदराचे थर वर्षानुवर्षं साठले की स्वतःच्या वजनाने सुटतात, हे अनेक ठिकाणी घडलेलं आहे. नेमकं त्याच क्षणी का, यावर ते म्हणाले, योगायोग. मला ते मान्य आहे. फुलाच्या खळग्याचं विचारलं तेव्हा त्यांनी तुकडा बराच वेळ न्याहाळला आणि परत दिला. "हा थर कडक व्हायला माझं-तुमचं आयुष्य पुरायचं नाही," एवढंच बोलले. वनस्पतिशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी फूल त्याच संध्याकाळी पाहिलं होतं. ते म्हणाले, आज सकाळी उमललेलं अनंताचं साधं फूल आहे. तात्यांच्या आवारात अनंताचं झाड नव्हतं. शेजाऱ्यांकडेही सापडलं नाही. थराला बाहेरून कुठे भोक किंवा लिंपल्याची खूण नव्हती. मी दोनदा तपासलं. रात्रीपर्यंत फूल पिवळं पडलं, कोणतंही पडतं तसं. याचा उलगडा मला तेव्हा झाला नाही, आजही झालेला नाही. बातमी मी दिली नाही.

त्या दुपारी आवारात प्रथम हालचाल केली ती दाजींनी. बॅग अजून त्यांच्या हातातच होती. त्यांनी फाटकाकडे पाहिलं, मग मुलीकडे पाहिलं. ती तशीच गुडघ्यांवर बसलेली होती. ते जिना चढून वर गेले, बॅग रिकाम्या कॉटखाली सरकवली आणि खाली आले. कौलाचा विषय न काढता तात्यांनी फाटकाची एक किल्ली अर्चनाला दिली.

संध्याकाळी स्वारगेटहून सुटलेल्या बार्शीच्या एस. टी.त दाजी एकटेच बसले.