रावजींची मूळ फ्लॉपी

रत्नागिरीच्या कोर्टासमोर रावजी शिर्धनकर लोकांचे अर्ज टाइप करत आणि शेजारच्या टेबलावर मी स्टँप विकत असे. पंचवीस वर्षं मराठी टाइपरायटर बडवून रावजींची पेरं इतकी सुजली होती, की सकाळी भाकरीही आनंदीबाई, म्हणजे आमच्या वहिनी, मोडून देत. सत्त्याऐंशी साली त्यांनी कॉम्प्युटर घेतला. पुण्याच्या एका कंपनीचा ‘लिपिका’ हा मराठी प्रोग्रॅम त्यावर चाले. बटणांवर बोट नुसतं टेकवायचं! माणूस पुन्हा हसायला लागला. भेटेल त्याला ‘लिपिका’चं कौतुक. हर्ण्याची शाळा आणि लांज्याचा छापखाना ही गिऱ्हाइकं त्यांनीच कंपनीला मिळवून दिली.

मेख एकच होती. यंत्र सुरू करताना कंपनीची मूळ फ्लॉपी आत घालावी लागे. नक्कल चालत नसे. एकदा पावसाळ्यात तिला बुरशी धरली, तेव्हा मालक सोमणांनी आठवड्यात नवी पाठवली. पण एकोणनव्वदच्या खंडेनवमीला वहिनींनी हत्यारांबरोबर तिचीही पूजा केली. फ्लॉपीच्या उघड्या खाचेतून हळदकुंकू आत गेलं आणि यंत्र मुकं झालं. वहिनींना बोलून काय उपयोग? कोयतीला कुंकू लागतं, मग नवऱ्याच्या पोटापाण्याच्या हत्याराला का नको?

कंपनीला तीन पत्रं गेली. उत्तर नाही. शेवटी आम्ही दोघं एसटीनं पुणं गाठलं.

“काका, मराठी बंद केलं आम्ही,” सोमण म्हणाले. “आता सगळं काम अमेरिकेचं. ती फ्लॉपी बनवणारा इंजिनियरही तिकडेच गेला.”

“साहेब, एकच द्या. कुठं जुनी पडलेली असेल.”

“नाहीये हो. इंग्रजी प्रोग्रॅम देतो, फुकट न्या.”

“माझ्या गिऱ्हाइकांत इंग्रजी वाचणार कोण?” रावजींनी हात पुढे केले. “ही बोटं बघा. टाइपरायटर नाही झेपत आता. तुमच्या भरवशावर होतो मी.”

सोमणांनी घड्याळ पाहिलं. गरज सरो, वैद्य मरो! मी संतापानं उठलो, पण रावजी उठेनात. त्यांनी चक्क हात जोडले. शेवटी शिपायानं दंडाला धरून त्यांना बाहेर आणलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू?

सोमवारी येसूबाई जमिनीच्या वारसाचा अर्ज करायला आल्या. मुदत शनिवारी संपत होती.

“समोर विठूकडे जा,” रावजी म्हणाले. विठू दुसरा टायपिस्ट.

“नाय बा. माज्या सासऱ्यापासना सगले कागद तुमीच केलाव. तुमचा मशीन बरा होऊ दे. मी थांबतंय.”

“ते बरं होणार नाही.”

“व्हईल. मी थांबतंय.”

रावजी ताडकन उठले. त्यांनी गिऱ्हाइकावर आवाज चढवलेला मी कधी ऐकला नव्हता. “थांबू नका! कुणासाठी थांबू नका! जमीन जाईल तुमची!” असं ओरडत त्यांनी येसूबाईंच्या हातातले कागद ओढले आणि विठूच्या टेबलावर नेऊन टाकले.

येसूबाई जागच्या हलल्या नाहीत. “माजा काय चुकला?” त्या पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या. रावजी खुर्चीत बसले आणि त्या बंद यंत्रावर डोकं टेकून ढसाढसा रडायला लागले.